अठराव्या वर्षी पहिलटकरीण

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अल्गॉनक्विन पार्कात स्नॅपिंग टर्टलची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका चावऱ्या कासवाची, मादी पहिल्यांदा अंडी घालते, तोवर तिने सतरा-अठरा हिवाळे बर्फाखाली काढलेले असतात. कधी एकोणीस. तोपर्यंत ती लहानच. आणि त्या वयाला पोचायचं भाग्य तरी कितीजणींना? हजार अंड्यांमागे एकीलाही नाही. काही अंडी रॅकून, स्कंक, कोल्हे उकरून खातात. काही थंड उन्हाळ्यात आतल्या आत संपतात. जी पिल्लं बाहेर पडतात त्यांच्यातली बहुतेक तळ्यापर्यंत पोचायच्या आत, किंवा पोचल्या पोचल्या, बगळ्याच्या नाहीतर माशाच्या तोंडी लागतात. पण यातून जी वाचते ती मग जगतच राहते. या पार्कातल्या तळ्यांमध्ये शंभरी गाठलेली कासवं असावीत, असं त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना वाटतं.

आम्ही टोरांटो सोडून पीटरबरोच्या बाजूला राहायला आलो, तेव्हा मला या प्राण्याची काहीच माहिती नव्हती. हा सगळा तळ्यांचा मुलूख. रस्त्याच्या एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला तळं, मधून डांबर गेलेलं. जून महिना लागला की दर दोन-तीन मैलांवर कासवाच्या चित्राची पिवळी पाटी दिसायची. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं, की जूनमध्ये सकाळी गाडी हळू चालव, बायका निघतात. ते कासवींबद्दल बोलताहेत हे मला नंतर कळलं.

कॅनडातल्या गोड्या पाण्यातलं हे सगळ्यात मोठं कासव. पाठीची ढाल पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते, वजन पंधरा-सोळा किलो भरतं. ढालीवर शेवाळ, चिखल, कधी एखादी जळू. शेपूट जवळजवळ ढालीएवढं लांब, त्यावर करवतीसारखे दाते. याचं घराणं डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे जातं, आणि ते शेपूट पाहिलं की हे सांगायला पुस्तक लागत नाही.

चावरं म्हणून त्याची बदनामी फार आहे. त्यामागचं कारण मात्र त्याच्या पोटाशी आहे. इतर कासवांना धोका वाटला की ती डोकं-पाय आत ओढून घेतात आणि बसून राहतात. स्नॅपरची, म्हणजे या कासवाची, पोटाकडची ढाल अगदी अरुंद, अधिकाच्या चिन्हासारखी. आत शिरायला त्याला जागाच नाही. पाण्यात लपायची गरज पडत नाही. तिथे माणूस जवळ आला तर ते मुकाट्याने दुसरीकडे जातं. मी तळ्यात पोहताना खालून एक मोठी काळी पाठ सावकाश निघून गेलेली पाहिली आहे, तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जमिनीवर मात्र ते उघडं पडतं. पळता येत नाही, लपता येत नाही, मग मान झटकन पुढे टाकून चावणं एवढंच हाती उरतं. या चावण्याला राग म्हणणं मला तरी पटत नाही.

हिवाळ्याचं काय सांगावं! तळं नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गोठतं. स्नॅपर बर्फाखाली, ओढ्याच्या तोंडाशी नाहीतर काठाच्या गाळात जाऊन बसतं आणि पाच-सहा महिने वर येऊन श्वास घेत नाही. शरीर इतकं मंदावतं की पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून मिळतो, तेवढ्यावर भागतं. बाहेर उणे पंचवीस असताना, बर्फ उपसायला निघायच्या आधी मी खिडकीतून तळ्याकडे बघते. तिथे आत्ता, बर्फाच्या खाली, माझ्याहून वयाने मोठं कुणीतरी बसलेलं असेल.

आई चिपळूणहून आली होती त्या जूनची गोष्ट. सकाळचा चहा घेऊन आम्ही दोघी रस्त्यापर्यंत चालत गेलो, तर खडीच्या कडेला एक कासवी खड्डा खणत होती. मागच्या पायांनी. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. पंजा आत जायचा, मूठभर माती उचलून बाजूला टाकायचा, आणि दुसरा पंजा आत. मागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, बघायची गरजही नव्हती. डोळ्यांच्या कडेला ओल होती, नाकाच्या टोकाला माती, पाठीवरचं शेवाळ उन्हाने वाळत चाललेलं. बऱ्याच वेळाने अंडी पडायला लागली. पांढरीशुभ्र, गोल, तीनेक सेंटिमीटरची. प्रत्येक अंडं पडलं की मागचा पाय आत जाऊन ते अलगद बाजूला सारायचा, पुढच्याला जागा करायला. एका खेपेला वीस ते पन्नास अंडी असतात. आई वाकून बघत होती, आणि एक गाडी जोरात येताना दिसली तशी ती हात वर करून सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मी घाबरलेच. गाडी थांबली, वळसा घालून गेली.

"अगं, हिला बाळंतपणाला हीच जागा सापडली का?" आई म्हणाली.

"इथे ऊन पडतं ना आई. आणि खडीत पाणी साचत नाही."

कासवीने माती ओढली, पोटाने दाबली आणि तळ्याकडे तोंड करून चालायला लागली. मागे वळून पाहणं नाही, काही नाही.

"निघाली? मग पिल्लांकडे बघणार कोण?"

आईचं सगळं बालपण कीर्तनं ऐकण्यात गेलेलं. कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने आपली पिल्लं वाढवते, हे तिच्या लेखी दृष्टान्त नसून माहिती आहे. मी तिला म्हटलं, ही पुन्हा इथे पिल्लांसाठी येणार नाही, पिल्लं सप्टेंबरात आपली आपण बाहेर येतील, कुणी उरलं तर. त्यावर ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नजर असेल गं तिची. तुम्हाला दिसत नसेल."

मी वाद घातला नाही. पण तेव्हापासून या प्रश्नावर खूप विचार केला, की ही आई पिल्लांना नेमकं देते काय? एक तर जागा निवडून देते. त्या खड्ड्याची ऊब किती, यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. खूप ऊब असली तरी माद्या, बरीच कमी असली तरी माद्या, मधल्या उबेत नर. आणि दुसरं म्हणजे, ती स्वतः जगते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा येते, त्याच्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा. एखाद्या वर्षी नर भेटला नाही तरी अडत नाही, आधीच्या वर्षांचं बीज ती शरीरात राखून ठेवू शकते. पन्नास वर्षं ती हे करत राहिली तर तिच्या हजार-दोन हजार अंड्यांतून एखाददुसरं पिल्लू तिच्या वयाला पोचतं. तिची जागा भरून निघायला तिचं सगळं आयुष्य लागतं.

म्हणूनच या प्राण्याच्या बाबतीत आपली नेहमीची माया चुकीच्या ठिकाणी जाते, असं मला वाटायला लागलं आहे. पिल्लू दिसलं की आपण विरघळतो. मुलांना दाखवतो, फोटो काढतो, तळहातावर घेतो. ती शेवाळलेली, चिखलाचा वास येणारी, चावायला येणारी म्हातारी कुणाला गोंडस वाटत नाही. पण सगळं घर तिच्यावर उभं असतं.

हे नुसतं वाटणं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ई. एस. जॉर्ज राखीव क्षेत्रात जस्टिन काँगडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं स्नॅपर मोजले आणि १९९४ साली त्याचा हिशेब मांडला. पंधरा वर्षांच्या वरच्या कासवांत दरवर्षी शंभरामागे आणखी दहा मरायला लागली, तर वीस वर्षं पुरी व्हायच्या आत मोठ्या कासवांची संख्या निम्मी होते. हरणांच्या, सशांच्या, माशांच्या बाबतीत माणूस म्हणतो की थोडे मारले तर बाकीच्यांना खायला जास्त मिळतं, पोरं जास्त जगतात, भरपाई होते. इथे अशी भरपाई होण्याची आशा धरता येत नाही.

अल्गॉनक्विनमध्ये तर हे डोळ्यांसमोर घडलं. ग्वेल्फ विद्यापीठाच्या रॉन ब्रुक्स यांनी तिथे १९७२ पासून कासवांच्या नोंदी सुरू केल्या, आणि ते काम त्यांच्यानंतरही चालू राहिलं. एकेका कासवाच्या ढालीवर खूण, एकेकीची वही. कुठली कासवी कुठल्या बांधावर येते, किती अंडी घालते, सगळं लिहिलेलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी, लागोपाठच्या हिवाळ्यांत पाणमांजरांना बर्फाखाली बसलेली ही कासवं सापडली. थंडीने गारठलेलं कासव प्रतिकार काय करणार? तीन वर्षांत घरटी करणाऱ्या माद्यांपैकी जवळजवळ निम्म्या गेल्या. इथे कुणी माणूस दोषी नव्हता, शिकार नव्हती, रस्ता नव्हता. संशोधक तळ्याकाठी वाट बघत राहिले की आता तरुण कासवं पुढे येतील. तेवीस वर्षांनी पुन्हा हिशेब केला तेव्हाही संख्या सावरलेली नव्हती. पाणमांजरांचे ते हल्ले कधीच थांबले होते. संरक्षित जंगल, स्वच्छ पाणी, सगळं जागेवर होतं. फक्त त्या बाया नव्हत्या.

आणि तरीही ऑन्टारिओत २०१७ पर्यंत मासेमारीचा परवाना असलेल्या माणसाला स्नॅपर मारायला कायद्याने मुभा होती. हे मला अजून समजून घेता येत नाही. पाण्यावर अवलंबून असलेले मासे मोजायचे त्याच खात्यात हे कासव बसवलं गेलं, एवढंच त्याचं कारण दिसतं. लोकांनी पत्रं लिहिली, सभा घेतल्या, अभ्यासकांनी आकडे पुढे ठेवले, आणि २०१७ च्या वसंतात ती शिकार बंद झाली.

याहून मोठं दुःख दक्षिणेकडच्या थोरल्या भावाचं आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या नद्यांमध्ये ॲलिगेटर स्नॅपिंग टर्टल राहतं. त्याच्या पाठीवर उंच कंगोऱ्यांच्या तीन रांगा, डोकं भलंमोठं, वरचा ओठ चोचीसारखा खाली वळलेला. नर शंभर किलोच्याही वर गेल्याच्या नोंदी प्राणिसंग्रहालयांत आहेत. हे नदीच्या तळाशी जबडा उघडून निश्चल बसतं. जिभेवर गुलाबी अळीसारखा एक मांसल तुकडा असतो, तेवढाच हलतो. मासा अळी समजून तोंडात शिरतो आणि जबडा मिटतो. अशा वेळी चालत शिकार शोधायची नाही, पाठलाग नाही. बसून राहायचं, आणि वाट बघायची. ज्या प्राण्याने वाट बघण्यावर इतकं सोपवलं, त्याच्या वाट्याला सूपचं पातेलं आलं.

लुइझियानात कासवाचं सूप हा जुना, मानाचा पदार्थ. समुद्री कासवं मिळेनाशी झाली तसा मोर्चा नद्यांकडे वळला. विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत जॉर्जियाच्या फ्लिंट नदीपासून लुइझियानाच्या दलदलींपर्यंत पकडणाऱ्यांनी ही कासवं टनावारी उपसली. त्यांना मोठीच हवी असायची, कारण मांस तिथे. म्हणजे नेमकी तीच, ज्यांच्यावर पुढचा सगळा वंश अवलंबून. लुइझियानाने २००४ मध्ये व्यापारी पकड थांबवली. सुवानी नदीतली कासवं २०१४ मध्ये वेगळी जात म्हणून ओळखली गेली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्यांना धोक्यातली जात म्हणून संरक्षण दिलं. पण मासेमारांनी रात्रभर बांधून ठेवलेल्या गळांच्या दोऱ्या अजून नद्यांत असतात. आमिष खायला गेलेलं कासव गळाला अडकतं, वर येता येत नाही, आणि बुडून मरतं. पाण्यात राहणारा जीव पाण्यात बुडून मरतो, हे वाचताना मला गलबलून येतं.

इलिनॉयची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथे हे कासव जवळजवळ नाहीसं झालं होतं, म्हणून बाहेर वाढवलेली पिल्लं ओढ्यांत सोडायचं काम सुरू झालं. इथन केसलर नावाचे संशोधक रेडिओ लावलेला एक नर शोधायला क्लिअर क्रीकमध्ये उतरले. गढूळ पाण्यात हाताला ढाल लागली, कासव वर काढलं, तर तो त्यांचा नर नव्हताच. ती रानातली, कुणीही न सोडलेली मादी होती. त्या राज्यात तीस वर्षांत जंगली ॲलिगेटर स्नॅपर कुणाला सापडलं नव्हतं. बातमी आनंदाचीच झाली. मला मात्र ती वाचताना त्या मादीचं एकटेपण दिसत राहिलं. इतकी वर्षं तिने त्या ओढ्यात कुणाची वाट पाहिली असेल?

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरची परिषद झाली. तिथे हे दोन्ही स्नॅपर दुसऱ्या परिशिष्टात गेले, म्हणजे त्यांचा व्यापार आता परवान्याशिवाय करता येत नाही. त्याच परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून आपल्या दख्खनच्या नद्यांमधलं मऊ पाठीचं मोठं कासव, लीथचं कासव, पहिल्या परिशिष्टात गेलं, जिथे बंधनं आणखी कडक असतात. हे कासव शास्त्राला पहिल्यांदा माहीत झालं ते पुण्याच्या नमुन्यावरून. आपल्यातल्या किती पुणेकरांना हे ठाऊक आहे? कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात लहानाचे मोठे झालेल्या माझ्या ओळखीच्या लोकांनी लहानपणी ते घाटावर पाहिलं आहे, आणि "आता दिसत नाही" हेही तेच सांगतात. वाळू उपसली की अंडी घालायला काठ राहत नाही. जाळ्यात आलं की सोडून कुणी देत नाही. इथेही जाते ती मोठी, अंड्यावर आलेली मादी.

कोकणातल्या वेळास गावचं काम मला फार प्रिय आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमाराला तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, गाव त्यात उतरलं, अंडी चोरीला जायची थांबली. आई दरवर्षी मला तिथले पिल्लांचे व्हिडिओ पाठवते. पण कोकण किनाऱ्यावरचं, माझ्या मते तितकंच मोलाचं आणि फारसं कौतुक न झालेलं काम दुसरं आहे. २०१८ च्या शेवटी वनखात्याच्या कांदळवन कक्षाने योजना आणली, की जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर फाटक्या जाळ्याची भरपाई द्यायची. जाळं कापणं म्हणजे त्या माणसाच्या पोटावर सुरी चालवणं. तरी कापणारे आहेत. समुद्रात कापलेलं ते एक जाळं किनाऱ्यावरच्या कितीतरी घरट्यांच्या तोडीचं असतं. पिल्लांचा उत्सव होतो, तसा या माणसांचाही सत्कार गावोगावी व्हायला हवा.

इकडे ऑन्टारिओत आमच्याकडे जाळ्याची जागा रस्त्याने घेतली आहे. खडीची कड कासवीला अंड्यांसाठी उत्तम वाटते आणि तिथेच ती मरते. ईरी सरोवराच्या काठी लाँग पॉइंटला साडेतीन किलोमीटरचा एक रस्ता पाणथळीतून जातो. तिथे संशोधकांनी डांबरावर नकली साप आणि नकली कासवं ठेवून गाड्यांवर लक्ष ठेवलं. २.७ टक्के चालकांनी मुद्दाम वळवून त्यांच्यावर गाडी घातली. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. तीनपेक्षा कमी टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण कासवी दिवसभरात ज्या रस्त्यावर शंभर गाड्यांसमोरून जाते, तिथे तिला एक असा माणूस पुरे होतो. पुढे त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं, खालून जायला बोगदे केले, आणि डांबरावर येणारी कासवं कमी झाली. कुंपण महाग पडतं म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की साठ वर्षांची कासवी कुठल्या दुकानात मिळते?

पीटरबरोला ऑन्टारिओ टर्टल कन्झर्व्हेशन सेंटर आहे, कासवांचं इस्पितळ. प्रांतभरातून जखमी कासवं तिथे आणायला स्वयंसेवक आपापल्या गाड्या देतात. टर्टल टॅक्सी म्हणतात त्याला. मीही त्यांच्यातली एक. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा, तळाला जुना टॉवेल, पाणी अजिबात नाही, कारण अशक्त कासव थोड्या पाण्यातही बुडू शकतं. गाडीत रेडिओ बंद. एकदा जबडा फुटलेली एक कासवी होती. वाटभर ती डब्यात पाय घासत होती आणि प्रत्येक वळणावर तिचं वजन एका बाजूला सरकल्याचं मला स्टिअरिंगवर जाणवत होतं. तिथले डॉक्टर तारेने जबडा बांधतात, फुटलेली ढाल जोडतात, वेदनाशामक देतात. महिनोन् महिने लागतात. आणि बरी झाली की तिला सापडलेल्या ठिकाणीच नेऊन सोडतात, कारण तिला तिथला गाळ, तिथला ओढा, हिवाळ्यात बसायची जागा ठाऊक असते.

या जूनमध्ये तुमच्यापैकी कुणी इकडच्या बाजूला गाडी चालवत असाल, तर एवढं करा. स्नॅपर रस्त्यावर दिसली तर आधी स्वतःची गाडी नीट बाजूला घ्या. शेपटाला धरून उचलू नका, तिचे मणके निखळतात. मागच्या पायांच्या वर, ढालीच्या मागच्या कडेला दोन्ही हातांनी धरा. तोंड तिथपर्यंत सहज पोचत नाही. उचलवत नसेल तर गाडीतली रबरी चटई तिच्यापुढे टाका, तिला तीवर घ्या आणि ओढत न्या. ज्या दिशेला ती निघाली होती त्याच दिशेला सोडा. तळं मागे असलं तरी. उलटी नेऊन ठेवलीत तर ती पुन्हा तोच रस्ता ओलांडायला निघेल. जखमी असेल तर जागा नीट लिहून घ्या, मैलाचा दगड, जवळचा चौक, आणि इस्पितळाला फोन करा. आणि ती मेलेली दिसली तरी फोन कराच. पोटात अंडी शाबूत असली तर ती काढून उबवता येतात, आणि पिल्लं तिच्याच तळ्यात नेऊन सोडता येतात.